धाकटीची गाडी नको

टॅक्सी स्टँडवर किस्से कोणी गोळा करत नाही, ते आपोआप साठतात. दोन ड्रायव्हर गिऱ्हाईकाची वाट बघत उभे राहिले की तिसरा येऊन विचारतो, काय झालं? आणि काही झालेलं नसलं तरी मग काहीतरी सांगावंच लागतं. पेणच्या आमच्या स्टँडला लागून माझी पोहे-पापडाची टपरी आहे. मी दिवसभर तिथेच असते, म्हणून स्टँडचा बुकिंगचा मोबाईलही ड्रायव्हर लोकांनी माझ्याच गळ्यात टाकला. त्यामुळे गाडीला टेकून जे बोललं जातं तेही मला ऐकू येतं आणि फोनवर जे बोललं जातं तेही. हसण्यासारखं पुष्कळ असतं. मीही हसते. पण या गाड्यांच्या कंपन्यांचे किस्से सांगायला बसले की तोंड जरा कडू होतं, ते आधीच सांगून ठेवते.

स्टँडवर बहुतेक गाड्या दोनच कंपन्यांच्या. त्यांची खरी नावं लिहीत नाही, उगाच कशाला. जुनी नावाजलेली कंपनी आहे तिला थोरली म्हणू, आणि मागून आली तिला धाकटी. घरातल्या सुनांसारखंच आहे ते. थोरलीची आमटी खारट झाली तर मीठच जाडं होतं. धाकटीची झाली तर तिला आईने काही शिकवलं नाही.

माझ्या मिस्टरांनी, विलासनी, धाकटीची गाडी घेतली. उमेदीची सगळी वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या पगारावर चालवण्यात गेली होती. मालकाचा फोन आला की ताटावरून उठायचं, गाडीला ओरखडा आला की मान खाली घालून ऐकून घ्यायचं. आता स्वतःची गाडी असावी आणि पुन्हा कुणाच्या पगारावर जायला लागू नये, एवढीच त्यांची इच्छा. थोरलीची परवडत नव्हती. धाकटीची त्यांनी एका मित्राकडे चालवून पाहिली होती आणि त्यांना ती मनापासून आवडली होती.

गाडी आणली त्या दिवशी स्टँडवर नारळ फोडला. नाना आमच्या स्टँडवरचे सगळ्यात जुने, खाडीकडच्या गावचे. त्यांच्या दोन गाड्या, दोन्ही थोरलीच्या. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, दार उघडून आपटून बघितलं, खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाले, "गाडी झ्याक हाय रे इलास. आता कंपनी बदलून मिळते काय बघ."

सगळे हसले. मिस्टरही हसले.

*

तोवर ती नुसती चेष्टा होती. खरं नाव खराब झालं ते पुढच्या वर्षी गणपतीच्या आधी, आणि तेही आमच्या गाडीने नाही.

अलिबागकडचे एक गृहस्थ हमरापूरला मूर्ती न्यायला आले होते. त्यांनी भाड्याने आणलेली गाडी धाकटीची होती. मूर्ती मांडीवर, तोंडावर रुमाल, सगळं रीतसर. वडखळ आल्यावर ड्रायव्हर म्हणाला, डिझेल संपत आलंय, पंपावर दोन मिनिटं घेतो. गृहस्थ म्हणाले, नाही. एकदा बाप्पा गाडीत बसले की घर येईपर्यंत चाक थांबवायचं नाही, ही त्यांच्या वडिलांपासूनची पद्धत. ड्रायव्हरने हात जोडले, काटा दाखवला. गृहस्थ म्हणाले, "तू चालव. बाप्पा नेतील."

बाप्पांनी धरमतरच्या पुलापर्यंत नेलं.

पुलाच्या मधोमध गाडी थांबली. भर पावसात त्या गृहस्थांनी मूर्ती डोक्यावर घेतली आणि चालत पूल ओलांडला. ज्याने ज्याने पाहिलं त्याला त्यांनी एकच सांगितलं, की धाकटीत बाप्पा बसत नाहीत. तो ड्रायव्हर बिचारा समोरून येणाऱ्या टेम्पोत बसून डिझेलचा कॅन मागायला आमच्या स्टँडवर आला. त्यानेच ही हकीकत माझ्या टपरीशी उभं राहून सांगितली. कॅन त्याला नानांनी दिला.

पण किस्सा गावोगाव फिरताना त्यातलं डिझेल कुठेतरी सांडलं. नुसती बंद पडलेली गाडी उरली. महिनाभरात खुद्द नानाच तो एका गिऱ्हाईकाला सांगताना मी ऐकलं. त्यातही डिझेल नव्हतं. मी नानांकडे बघितलं. ते म्हणाले, "गो सुनंदा, धंद्याच्या टायमाला एवढं बारीक कोण सांगत बसतो?"

गणपतीच्या आधीचे दिवस म्हणजे आमच्या स्टँडची सुगी. हमरापूरला मूर्ती न्यायला येणाऱ्यांनी त्यानंतर आमच्या गाडीचं दार उघडलं नाही.

*

स्टँडवर नंबराची पद्धत आहे. जो आधी येऊन लागला त्याची गाडी आधी जाते. ज्येष्ठ-कनिष्ठ काही नाही. पण गिऱ्हाईकच धाकटी नको म्हणालं तर नंबर काय करणार?

एका शाळेतल्या बाईंचा फोन आला. त्यांना पाच जणींना घेऊन नागोठण्याला जायचं होतं. म्हणाल्या, एसी नसला तरी चालेल, सीट फाटलेली असली तरी चालेल, फक्त धाकटी नको.

मी सहज विचारलं, "बाई, तुम्ही बसलात का कधी धाकटीत?"

"छे हो! न बसताच एवढं ऐकलंय, बसून आणखी काय कळणार?"

मिस्टरांचा पहिला नंबर होता. ते ओल्या फडक्याने काच पुसत होते. मी दुसऱ्या नंबरच्या गाडीला खूण केली. मिस्टरांनी मागे वळून पाहिलं नाही. काच मात्र पुन्हा पहिल्यापासून पुसायला घेतली.

*

नानांची थोरली एकदा नागोठण्याच्या पुढे बंद पडली. गिऱ्हाईक नव्हतं, नाना एकटेच होते. त्यांनी मिस्टरांना फोन केला. मिस्टर धाकटी घेऊन गेले, दोर बांधला आणि नानांची गाडी ओढत पेणपर्यंत आणली. पुढे धाकटी, मधे दोर, मागे थोरली. स्टिअरिंगवर नाना.

नाक्यावर रिक्षावाले उभे होते. त्यातला एक ओरडला, "काय नाना, धाकटी बंद पडली वाटतं?"

धाकटी पुढे होती. चालू होती. धूर सोडत ओढत होती.

नानांनी काचेतून हात बाहेर काढला आणि म्हणाले, "व्हय रे बाबा. काय करनार, स्टँडचा मानूस हाय. मदत करायलाच लागते."

हे मला मिस्टरांनी नाही सांगितलं. रिक्षावाल्यानेच सांगितलं, नाना किती मोठ्या मनाचे आहेत ते पटवायला.

*

रफिकभाईंचं गॅरेज आमच्या समोर आहे. त्यांच्या दारात सदानकदा थोरलीच्याच गाड्या उभ्या. कुणाचा गिअरबॉक्स उघडलेला, कुणाचं बॉनेट वर. आमची गाडी त्यांच्याकडे ऑईल बदलायला जायची, आणि रफिकभाई दर वेळी म्हणायचे, "वहिनी, तुमच्या गाडीने मला उपाशी मारलं."

मी म्हटलं, हेच जरा चार लोकांना सांगा ना. ते म्हणाले, सांगतो की. पण लोक गॅरेजकडे बघतात आणि म्हणतात, एवढ्या थोरल्या इथे उभ्या आहेत, म्हणजे सगळे तीच घेत असणार.

पुढे रफिकभाईंनी मुलीच्या लग्नात जावयाला गाडी दिली. थोरलीची! हार घातलेली गाडी गॅरेजच्या दारात उभी होती. मी नुसतं त्यांच्याकडे बघितलं. ते जवळ येऊन हळूच म्हणाले, "वहिनी, बिघडली तर मी घरचा आहे. नावं ठेवली तर कोण निस्तरणार?"

*

एक किस्सा मला सांगावासा वाटत नाही, पण तो नाही सांगितला तर बाकीचे कळणार नाहीत.

आमच्या आळीतली एक सूनबाई दिवस भरलेली होती. दुपारी अचानक त्रास सुरू झाला. पेणच्या डॉक्टरांनी सांगितलं, ताबडतोब पनवेलला न्या. स्टँडवर त्या वेळी दुसरी एकही गाडी नव्हती. तिची सासू पळत टपरीशी आली. धाकटी-थोरली काही म्हणाली नाही, नुसतं म्हणाली, "सुनंदा, काढ गो गाडी."

हायवेचं काम चाललेलं, खड्डे, डायव्हर्शन, मुसळधार पाऊस. मिस्टरांनी गाडी अशी नेली की पोरीच्या पोटातलं पाणी हललं नाही. बाळ-बाळंतीण दोन्ही सुखरूप. सासूने फोनवर रडत रडत मिस्टरांना सांगितलं की तुम्ही देवासारखे धावलात. मिस्टर त्या दिवशी घरी आल्यावर जेवताना बोलत होते. नाहीतर ते जेवताना बोलत नाहीत. म्हणाले, आता बघ, लोकांना कळेल.

बाळाला घरी आणायचं ठरलं तेव्हा सासूचा स्टँडच्या मोबाईलवर फोन आला. मी म्हटलं, मिस्टर तयारच आहेत, गाडी धुऊन ठेवलीय.

ती म्हणाली, "राग मानू नकोस गो. नानांची गाडी पाठव. तेव्हा घाई होती. आता बाळ हाय ना सोबत."

पेढे मात्र पहिले आमच्याकडे आले. मिस्टरांनी एक पेढा खाल्ला, आणि चांगला झालाय म्हणाले.

*

उभ्या गाडीवर घर चालत नाही. शेवटी मिस्टर गाडी विकायला रोह्याच्या एका एजंटकडे घेऊन गेले. मीही बरोबर गेले होते. एजंट तरुण होता, बोलायला गोड. गाडी आतून-बाहेरून बघितली, सीटखाली हात घातला, इंजिन चालू करून कान लावला. मग वाकून मीटरवरचा आकडा बघितला.

मिस्टरांनी विचारलं, काही खराब आहे का?

"काका, काहीच खराब नाही, तोच प्रॉब्लेम आहे," तो म्हणाला. "धाकटीची गाडी इतकी वर्षं धंद्याला चालून अशी राहूच शकत नाही. तुम्ही मीटर मागे फिरवला असणार. मी विश्वास ठेवीन हो, पण गिऱ्हाईक नाही ठेवणार."

मिस्टरांनी आयुष्यात कधी कुणाला फसवलं नाही. त्यांचा चेहरा बघवेना. मी म्हटलं, चला, दुसरीकडे विचारू. ते म्हणाले, दुसरीकडेही हेच बोलतील. त्यांनी देवाचा छोटा फोटो डॅशबोर्डवरून काढून खिशात ठेवला आणि किल्ली एजंटच्या हातात दिली.

येताना आम्ही एसटीने आलो. खिडकीशी त्यांना बसवलं. पेण येईपर्यंत त्यांचा उजवा पाय ब्रेक दाबत होता.

*

आता मिस्टर नानांच्या दुसऱ्या गाडीवर आहेत. पगारावर. नानांनीच बोलावलं, आणि खरं सांगायचं तर अडचणीच्या वेळी बोलावलं, ते मी विसरत नाही. "थोरली हाय, भाड्याची चिंता नाय," असं म्हणाले. ते खरंही आहे. गाडी एक दिवस उभी राहत नाही.

मागच्या महिन्यात पेणचे एक रिटायर्ड साहेब आणि त्यांच्या मिसेस रोह्याला नातेवाइकांकडे निघाले. फोन मीच घेतला होता, गाडी मीच पाठवली होती. साहेब मला आवाजाने ओळखतात, चेहऱ्याने नाही. दोन तासांनी त्यांचा फोन आला. गाडी भिसे खिंडीत बंद पडली होती.

मी घाबरून विचारलं, सगळे बरे आहात ना? ते म्हणाले, आम्हाला काय धाड भरलीय, झाडाखाली बसलोय. रागावलेले नव्हते. उलट समजुतीने बोलत होते. म्हणाले, गाडीबद्दल त्यांची काहीच तक्रार नाही. त्यांच्या घरी दोन पिढ्या थोरलीच आहे, ती अशी बंद पडत नाही. त्यांना वाटेतच शंका आली होती. ड्रायव्हरशी सहज गप्पा मारल्या, तर त्याने स्वतःच सांगितलं की तो आधी स्वतःची धाकटी चालवायचा.

"तिथेच मी ओळखलं," साहेब म्हणाले. "बाई, त्याला तीच सवय लागलीय. चांगल्या गाडीला असा माणूस चालत नाही."

मी विचारलं, ते कुठे आहेत?

"गाडीखाली झोपलाय. तारेने काहीतरी बांधतोय. अंगभर ऑईल झालंय त्याच्या. होईल चालू, असं म्हणतोय खरा."

मी म्हटलं, होईल.

"होईल हो. पण परतीला गाडी हीच पाठवा आणि ड्रायव्हर तेवढा बदला. आणि तुमच्या मालकांच्या कानावर घाला. त्याचं नाव सांगतो, लिहून घ्या."

मी म्हटलं, "नको साहेब. माहीत आहे मला."