सुरसूर, जराद आणि सरांची पडवी

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. तांदळातल्या टोक्यांसारखे ते आपोआप होतात! आमचे झाले इस्माईल सरांमुळे. सर रत्नागिरीतले निवृत्त अरबी शिक्षक, किड्यांच्या नावांची मुळं खणायचं त्यांना भारी वेड. अरबीतली काही अक्षरं जीभ दातांत धरल्याशिवाय निघत नाहीत, असं बजावून आमचे उच्चारही सुधारायचे. दर रविवारी सकाळी त्यांच्या पडवीत आम्ही दोघे हजर : कॉलेजात झूऑलॉजी शिकवणारा मी आणि पेस्ट कंट्रोलवाला बंडू.

*

सर म्हणाले, "अरबीत झुरळाला सुरसूर म्हणतात. आवाजावरून पडलेलं नाव."

बंडू उसळला. "सर, वीस वर्षं मारतोय. एकानं तोंड उघडलं नाही!"

"अरे, मूळ नाव रातकिड्याचं. नंतर झुरळालाही लागलं."

"म्हणजे ओरडायचं एकानं आणि नाव लावलंन दुसऱ्यानं!"

*

आमच्या कॉलेजात डेबोरा मॅडम आहेत. मी स्टाफरूममध्ये सरांचं ज्ञान झाडलं, "मॅडम, हिब्रूत तुमच्या नावाचा अर्थ मधमाशी!"

मॅडम खूश. कोपऱ्यातून प्रिन्सिपॉल पुटपुटले, "तरीच!"

*

मे महिन्यात सरांचे भाचे मुंबईहून आले आणि दोन दिवसांत आंब्याची अढी साफ! सर हात जोडून म्हणाले, "या, जराद!"

जराद म्हणजे टोळ. 'ओरबाडून उघडं करणं' या अर्थाच्या धातूशी त्याचं नातं.

थोरला भाचा लाजून म्हणाला, "इतका मान नको, मामू!"

*

पूर्णगडचे सलीमभाय कुवेतला नवीन होते तेव्हाची गोष्ट. पाय बधिर व्हायचे. अरबी येईना, म्हणून डॉक्टरसमोर कागदावर पाय काढला आणि त्यावर मुंग्या!

डॉक्टर ओरडला, "तनमील!" नम्ल म्हणजे मुंगी, आणि पायाला मुंग्या येणं म्हणजे तनमील. लगेच तपासणी झाली, डायबेटिस निघाला, पाय वाचले.

सलीमभाय अजून सांगतात, "साखर बंद केली, मुंग्या गेल्या!"

*

गेल्या वर्षी सरांना पॅरालिसिसचा झटका आला. चार दिवस तोंडातून शब्द नाही. डॉक्टर म्हणाले, "वाचा परत येईल की नाही, सांगता येत नाही." भाभी, म्हणजे सरांच्या पत्नी, उशाशी, आम्ही दाराशी.

पाचव्या दिवशी सरांच्या नाकावर माशी बसली. सिस्टरनं हाकलली, परत बसली. पुन्हा हाकलली, पुन्हा बसली!

भाभी डोळे पुसत म्हणाल्या, "सिस्टर, हिला अरबीत जुबाब म्हणतात. हे नेहमी सांगायचे, जुब म्हणजे हाकलली, आब म्हणजे परत आली..."

सरांचे ओठ हलले. आम्ही सगळे धावलो, वाकलो.

"ज नव्हे..." सर म्हणाले, "जीभ... दातांत धर!"