पसंत पडलेली गोळी

साठच्या दशकात मी आखातात, देऱ्याच्या बाजारातल्या एका दुकानात नोकरीला होतो. तिथे दर गुरुवारी एक म्हातारा अरब रायफलची काडतुसं निवडायला यायचा. या वयात लांबचा नेम शिकतोय म्हणायचा. एकेक काडतूस काउंटरच्या काचेवर घरंगळत सोडायचा आणि काचेला कान लावायचा. जरा डुगडुगलं की म्हणायचा, "ही गोळी वाट चुकेल." तासाभराने एखादं पसंत पडायचं. ते रुमालात बांधून न्यायचा.

वर्षभराने मी विचारलं, "चाचा, लागतो का आता नेम?"

"अजून एकही झाडली नाही," तो मोडक्या हिंदीत म्हणाला. "इतकी पारखून घेतलेली गोळी कुणी फेकून देतं का, हबीबी?"

मी पोट धरून हसलो. मग खोलीवर येऊन पेटी उघडली. रत्नागिरीला जाताना घालायचा म्हणून चार वर्षं घडीत ठेवलेला शर्ट अंगात घातला. गळ्याचं बटण लागेना.