दोर ओढू नका

मित्रांनो, आज मेढ्यापलीकडच्या धरणात बुडालेली एक लाँच बघायला ऑक्सिजनची नव्हे, साध्या हवेची टाकी पाठीला लावून पाण्याखाली उतरलो. माझ्या कमरेचा दोर वर होडीत लाँचमालक तात्यांच्या हातात.

"वर येताना मी मध्येच थांबेन, तरी ओढू नका. घाईत वर आलं की फुप्फुसं फाटतात," मी सहज सांगितलं होतं.

वर येताना पाण्याखाली पाच मीटरवर तीन मिनिटं थांबलो. दोर जरासुद्धा ताणला गेला नाही.

होडीत चढलो, तरी तात्या मुठीतला दोर सोडत नव्हते.

"माझा भाऊ कॉम्प्रेसरच्या हवेची नळी तोंडात धरून असाच खाली गेलता. हालंना, म्हणून आमी चौघांनी जोरात वर वढला. घटकाभरात गेला. आमीच मारला व्हय, सायेब?"

मी त्यांच्या मुठीतला दोर सोडवत राहिलो. तुम्ही काय सांगितलं असतं?