माझी दोन नावं आणि मुलीची एक जागा

देवापुढे रडत जायची मला सवय नव्हती. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. वडील गवंडीकाम करायचे, आईला सही येत नव्हती. जे मिळवलं ते स्वतः अभ्यास करून मिळवलं असं मी मानायचे आणि चारचौघांत बोलूनही दाखवायचे. म्हणून गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट लिहिताना जरा लाज वाटते. पण जे झालं ते झालं तसंच सांगते.

नवऱ्याच्या रेल्वेच्या नोकरीमुळे आम्ही बनारसला असतो. मुलगी पाचवीत होती. इथल्या एका नावाजलेल्या शाळेत सहावीसाठी प्रवेश परीक्षा असते; एकदा आत गेलं की बारावीपर्यंत काळजी मिटते. वर्षभर मी तिला शिकवलं. ती पाढे हिंदीत म्हणायची, चुकली की मी मराठीत ओरडायचे. निकालात तिचं नाव लागलं तेव्हा मी शेजारी सगळ्यांना पेढे वाटले. आठवड्यानं कागदपत्रांची तपासणी झाली आणि नावासमोर शेरा आला: माता के नाम में भिन्नता, प्रवेश निरस्त. म्हणजे आईच्या नावात फरक, प्रवेश रद्द. अपिलासाठी तीन दिवस.

चूक माझीच होती. आमच्याकडे लग्नात सुनेचं आडनावच नाही तर पहिलं नावही बदलतात. तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहिलं की जुनी मुलगी संपली. मला ते कधी पटलं नाही. मुलीच्या जन्माच्या दाखल्यावर, माझ्या आधारवर सासरचं नाव आहे, पदवीवर माहेरचं. फॉर्ममध्ये आईच्या नावाशेजारीच शिक्षणाचा रकाना होता. तो बघून मी छाती फुगवून पदवीवरचं नाव लिहिलं. कुणाला विचारलंही नाही.

पहिल्या दिवशी शपथपत्र करून नेलं. कार्यालयातले बाबू चष्म्यावरून बघत म्हणाले, "शादी में सरनेम बदलता है मैडम, नाम कौन बदलता है?"

"हमारे यहाँ बदलते हैं."

"शपथपत्र तो आपने ख़ुद लिखा है. कोई पुराना काग़ज़ लाइए, जिसमें दोनों नाम साथ हों."

असा कागद आमच्याकडे नव्हता. लग्नाची नोंदणी आम्ही केली नव्हती. पत्रिकेवर फक्त माहेरचं नाव. घरी नवरा म्हणाला, "आता ती पदवी फ्रेम करून शाळेच्या फाटकावर लाव." मुलगी पलीकडे नव्या दप्तराला नावाची चिठ्ठी चिकटवत बसली होती. तिला अजून काही सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ओळखीच्या वकिलाकडे गेले, तर तो गावाला गेलेला. घरी जाऊन मुलीचं तोंड बघवेना. पाय नेतील तशी गल्ल्यांतून चालत पंचगंगा घाटाच्या वर बिंदुमाधवाच्या देवळाशी पोचले आणि पायरीवर बसून रडले. प्रार्थना कसली, भांडणच होतं ते. एवढा अभ्यास केला पोरीनं, तू काय केलंस, असं.

आत एक म्हाताऱ्या बाई वाती वळत बसल्या होत्या. मराठीच, पण इथंच जन्म गेलेल्या. म्हणाल्या, "अगं, पत्थर तापलाय, सावलीत ये. कुणी गेलं का घरचं?"

"नाही हो. मुलीची अ‍ॅडमिशन."

"हात्तिच्या! जित्या पोरीसाठी एवढं रडतेस?" मग सगळं ऐकून घेतलं आणि वात वळता वळताच म्हणाल्या, "लग्नानंतर काशीला आलीस तेव्हा तीर्थोपाध्यांच्या वंशावळीच्या वहीत नाव घातलं असेल की. सासरचे लोक सोडतात होय? नवऱ्याला फोन लाव."

फोन लावला. नवरा म्हणाला, "आई घेऊन गेली होती. दशाश्वमेधाजवळ. तू बाहेर तोंड फुगवून बसली होतीस."

खरं होतं. संसार लावून द्यायला सासूबाई आमच्याबरोबर आल्या होत्या, आणि नाव बदलल्याच्या रागात मी आत गेलेच नव्हते.

विचारत विचारत उपाध्यांचं घर सापडलं. त्यांनी गाव विचारलं, तालुका विचारला, लांबलचक वही उलगडत गेले. मी ओळीओळीवरून फिरणारं त्यांचं बोट बघत होते. शेवटी बोट थांबलं. सासऱ्यांचं नाव, नवऱ्याचं नाव, आणि पुढे: सून, सासरचं नाव अमुक, माहेरचं नाव अमुक, वडिलांचं नाव, गाव, बी.ए. पास. खाली सासूबाईंचा अंगठा.

उपाध्ये हसले. "सुनेचं शिक्षण वहीत कुणी लिहायला लावत नाही, ताई. मला आठवतंय, त्या हटूनच बसल्या. म्हणाल्या, शिकलेली सून आहे, तिचं ते नावपण राहू द्या."

सासूबाई जाऊन तीन वर्षं झाली. माझं नाव पुसणारी बाई म्हणून मी त्यांच्याशी शेवटपर्यंत तुटकच वागले. त्या निळ्या अंगठ्यावर हात ठेवायचीही माझी हिंमत झाली नाही.

वही घराबाहेर एकटी जात नाही, म्हणून तिसऱ्या दिवशी उपाध्ये ती लाल कपड्यात गुंडाळून माझ्याबरोबर ई-रिक्शात बसले. वाटेत वहीवर हात ठेवून म्हणाले, "हिचंपण शाळेत जायचं वय झालंच होतं." मला हसू येईना. प्राचार्यांनी ओळ दोनदा वाचली, बाबूंना बोलावलं, फोटो काढून घेतले. "कमेटी देखेगी," एवढंच म्हणाले.

चार दिवस काही कळेना. रोज बिंदुमाधवाला जायचे. पहिल्या दिवशी पुन्हा सगळं समजावून सांगितलं देवाला, जणू तोही बाबूच आहे. दुसऱ्या दिवशी बोलता बोलता थांबले. जिथं मी पाठ फिरवून बसले होते, तिथं माझं काम कुणीतरी करून ठेवलं होतं. देवाला मी आणखी काय शिकवणार? नुसती उभी राहिले. भीती गेली नाही, पण मागणं संपलं.

पाचव्या दिवशी सुधारित यादी लागली. तिचं नाव होतं. याला चमत्कार म्हणावं की नाही, मला ठाऊक नाही. वाती वळणाऱ्या बाईंना पेढे दिले तेव्हा त्या म्हणाल्या, "मी काय केलं? तू रडलीस मोठ्यानं, म्हणून ऐकू आलं." घरी सासूबाईंच्या फोटोपुढे मात्र डोकं टेकवून, जे त्या असताना म्हणायला हवं होतं ते म्हटलं.

शाळेच्या पहिल्या दिवशी फाटकाशी तिचा हात सोडला. ती मागे न बघता आत गेली. काळजी होतीच. पूर्वी असतं तर शाळा सुटेपर्यंत मी तिथंच उभी राहिले असते. त्या दिवशी हात जोडले, तिला बिंदुमाधवाच्या हवाली केलं, आणि भाजी घ्यायला निघाले.