हाताला विचारणारे सर

"हाताले विचार, डोक्याले नोको."

दहावीचं पोर समोर आलं की सर आधी त्याचे दोन्ही तळहात उलटेपालटे करून पाहत आणि मग हे वाक्य म्हणत. ते ज्योतिषी नव्हते. सिहोऱ्याच्या आमच्या शाळेत विज्ञान शिकवत. मी तिथेच कारकून.

उष्टावणाला बाळापुढे पेन, पुस्तक, माती मांडतात आणि ते कशाला हात घालतं हे सगळे टक लावून पाहतात. तुम्हीही पाहिलं असेल. सरांनी तेच दहावीच्या मुलांसाठी सुरू केलं. दरवर्षी एका शनिवारी पालकांना बोलवायचं, वाचनालयात सतरंजी अंथरायची आणि तिच्यावर विळा, स्क्रू फिरवायचा पेचकस, लाटणं, रंगाचा ब्रश, कॅल्क्युलेटर, सुईदोऱ्याची डबी मांडायची. मांडामांड माझ्याकडे. मुलांनी हवी ती वस्तू उचलून काहीतरी करून दाखवायचं. सर हात मागे बांधून नुसते पाहत आणि शेवटी पालकांना सांगत, "मार्कं पाहू नोका. लेकराचा हात लबाड बोलत नाही."

एका पोरानं लाटणं उचललं तेव्हा त्याचा बाप कावला. "सर, पोराले पोळ्या लाटाले लावता का आता?"

"तुमाले येते का लाटता?"

"नाही बा."

"मंग पोरगा तुमच्या पुढंच हाये ना!"

सगळे हसले. बापही हसला. तो पोरगा आज नागपूरच्या एका हॉटेलात स्वयंपाकी आहे आणि मजेत आहे.

माझ्या मुलीनं पेचकस उचलला. वाचनालयाचा पंखा दोन महिने बंद होता. तिनं तो खाली उतरवून घेतला, उघडला, पुसला, जोडला आणि फिरवून दाखवला. विज्ञानात ती शाळेत पहिली होती. घरात सगळ्यांनी तिला डॉक्टर करूनच टाकलं होतं. सर म्हणाले, "मॅडम, हिले आयटीआयले टाका. हात पाहा हिचा." मी टाकलं. नवरा महिनाभर माझ्याशी धड बोलला नाही. सासूबाई येईल त्याला सांगत, "मायनंच पोरीचं वाटोळं केलं." मी ऐकून घेतलं, कारण सरांवर माझा विश्वास होता.

दोन वर्षांनी सरांचा मुलगा दहावीत आला. हा पोरगा शिवणकामात असा तरबेज, की मुलींची फाटकी दप्तरं त्याच्याकडे यायची आणि टाका कुठे घातला ते शोधून सापडायचं नाही. त्या शनिवारी मी सतरंजी मांडून घंटा द्यायला गेले. परत आले तर सुईदोऱ्याची डबी नव्हती. तिच्या जागी स्टेथोस्कोप होता. नवा कोरा.

पोरगा सतरंजीपुढे बसला. त्याची नजर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली आणि परत आली. मग त्यानं बापाकडे पाहिलं आणि स्टेथोस्कोप उचलला.

"पाहा! हातानं सांगतलं!" सर म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत.

संध्याकाळी खडू ठेवायला सरांच्या टेबलाचा खण उघडला तर डबी आत.

"सर, सुईची डबी कोठी गेली?"

"हरवली असन."

"तुमच्या खणात हाये."

त्यांनी खण लोटून बंद केला. "मॅडम, माह्या पोरानं दुसऱ्याचं उसवलेलं शिवत बसावं का? लोक काय म्हनतीन?"

"आन माही पोरगी मोटरी खोलते तं लोक काय म्हनतात, थे मले विचारा ना."

"तुमच्या पोरीचा हात खरा होता."

"तुमच्या पोराचाबी खराच हाये. म्हनून तं डबी लपवली."

पोरगा नागपूरला डॉक्टरकीच्या क्लासला गेला. मी पुढच्या वर्षी सतरंजी मांडली नाही. कामं आहेत म्हणून सांगितलं. मुलीला सगळं सांगितलं तेव्हा ती पंपाची मोटर खोलून बसली होती. मान वर न करता म्हणाली, "आई, त्यायनं तुले फसवलं. मले नाही." खरंच होतं ते. म्हणून जास्त लागलं.

यंदा सरांची बदली लाखांदूरकडे झाली. निरोपाला पोरगाही आला होता, वाळलेला. स्टेजवर चढताना खुर्चीच्या खिळ्यात अडकून सरांच्या नव्या कुर्त्याचा खिसा टर्रकन फाटला. पोरानं स्वतःच्या शर्टाची कॉलर उलटली. आतल्या बाजूला सुई टोचलेली होती, दोऱ्यासकट.

अंगावरचा कपडा शिवताना, अपशकुन नको म्हणून, तो घातलेल्यानं तोंडात काडी धरायची अशी आमच्याकडे रीत आहे. पोरानं खराट्याची एक काडी मोडून बापाच्या दातांत दिली आणि टाके घालू लागला. भराभर, बारीक, सरळ.

सगळी शाळा समोर बसलेली. सर हात वर करून उभे. दातांत काडी. माझ्याकडे एकदा पाहिलं. मीही पाहिलं. त्यांना काही बोलता येत नव्हतं.