कुसुमावती वहिनींच्या कणकेच्या गोळ्या

उत्तराला दिल्लीत लक्ष्मीबाई नगरात तळमजल्याचं सरकारी क्वार्टर मिळालं, तेव्हा तिच्या बाबांनी, श्रीरंगकाकांनी, खोल्या नंतर पाहिल्या, आधी मागचं अंगण. निवृत्त माणसाला हात रिकामे ठेवणं जमत नाही. काकांनी खड्डा खणला, ताडपत्री अंथरली, पाणी भरून ते काही दिवस नुसतं उन्हात राहू दिलं आणि मग रोहूची बोटभर पिल्लं सोडली. डासांच्या अळ्या खायला थोडे गप्पी मासे. शेजारचे ग्रोव्हरसाहेब भिंतीवरून विचारायचे, फ्राय कब खिलाओगे? काका म्हणायचे, ये फॅमिली है जी, फ्राय के लिए आयएनए मार्केट है.

वरच्या मजल्यावर कुसुमावती वहिनी. त्यांचा केतन बंगळुरूला. अपघातानंतर पुन्हा चालायला शिकत होता. मुलगा मोठा, सून समर्थ. आईला तिथे करण्यासारखं काही नव्हतं. करोल बागेतल्या पंडितजींनी सांगितलं, मछलियों को आटा खिलाओ. वहिनी ताटलीत कणकेच्या गोळ्या घेऊन उतरू लागल्या. केतन वॉकर धरून उभा राहिला, तशा गोळ्या वाढल्या. त्याने पहिलं पाऊल टाकलं, त्या दिवशी परातच आली.

काकांना कळत होतं. मासे खातात तेवढंच घालायचं, उरलेलं तळाशी कुजतं आणि पाण्यातली हवा खातं. पण त्या बाईचं तोंड बघून शब्द फुटेना. वहिनी वर गेल्या की ते चहाच्या गाळण्याने गोळ्या काढायचे. उत्तरा स्वयंपाकघरात गाळणं शोधत फिरायची. शेवटी तिने पकडलंच. म्हणाली, बाबा, सरळ सांगून टाका ना यार. काका म्हणाले, तिला काय सांगू, तुझा नवस बंद कर?

मग उकाडा वाढला. एका सकाळी सगळे मासे पृष्ठभागावर तोंडं वर करून गपगप करत होते. एक रोहू कुशीवर कलला होता. काकांनी पाणी हाताने ढवळायला घेतलं, इतक्यात मागून वहिनींच्या किल्ल्यांची पैंजणासारखी खुळखुळ आली. ते पटकन उठून तळ्यापुढे उभे राहिले. कोपरापर्यंत भिजलेल्या हातांनी लुंगी सावरत.

"सरका भावजी. काय लपवताय?"

सरकावं लागलं. वहिनींनी बघितलं आणि परात हळूच खाली ठेवली.

"माझ्यामुळे?"

काका खोटं बोलणार होते. उकाड्यावर ढकलता आलं असतं.

"हो," ते म्हणाले. "पोटं भरलीत त्यांची, वहिनी. श्वास पुरत नाहीये."

वहिनी काठावर बसल्या. "म्हणजे केतनचं आता..."

"केतनचं केतन बघतोय, चालतोय तो. यांना मात्र तुमची गरज आहे, आत्ता." काकांनी तांब्या पुढे केला. "तळ्यातलंच पाणी घ्या. हात उंच करा, आणि वरून सोडा. पडताना हवा घेऊन जातं."

वहिनींनी पदर खोचला. पहिली धार वाकडी पडली, काकांच्या पायावर. दुसरी बरोबर पडली. काका बादलीने तळाचं घाण पाणी काढून पेरूच्या झाडाला घालत होते, उत्तरा साठवणीच्या टाकीतलं थोडं थोडं भरत होती. तिला ऑफिसला उशीर होत होता.

ऊन भिंतीवर चढलं तेव्हा कललेल्या रोहूने शेपूट मारली आणि तो खाली गेला. वहिनी तरीही धार सोडतच राहिल्या.

तेवढ्यात त्यांच्या कमरेचा फोन वाजला. रोजची वेळ. फोन कानाला लावला की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं, जेवलास का नीट, आणखी थोडं खा. या वेळी त्यांनी आधी तांब्या खाली ठेवला.

"केतन," त्या म्हणाल्या, "दमला नाहीस ना रे? बस जरा. मी आहे फोनवर."

परातीतल्या कणकेच्या संध्याकाळी पोळ्या झाल्या. ग्रोव्हरसाहेबांकडेही दोन गेल्या.