नळी दुसरीनं बघायची

तुम्ही कधी एकदा मोडलेलं पथ्य पुन्हा सुरू केलंय का? पहिल्यांदा ते सोपं असतं. घरातले कौतुकानं बघतात, शेजारणी विचारतात, आपल्यालाही आपण काहीतरी मोठं करतोय असं वाटतं. दुसऱ्यांदा कोणी काही विचारत नाही. मी दुसऱ्यांदा भाताचं पातेलं स्वतःपुढून सरकवलं, तेव्हा हे नुसतं "बरं" म्हणाले, आणि मी परत मागीन म्हणून ते हाताशीच ठेवलं.

दुसऱ्यांदा पथ्य करायला सोबत लागते. मला तिघी मिळाल्या, पुढे चौथीही मिळाली. एकाच ओट्यावर रोज सकाळी भेटून त्यांच्याशी ज्या गोष्टी बोलले, त्या मी सख्ख्या बहिणीशीही बोललेली नाही. त्यामुळे किस्से साठत गेले.

* * *

पिंपरीला औषधांचा कारखाना सुरू झाला आणि आम्ही कॉलनीत राहायला आलो. हे बॉयलरवर होते. पहिल्याच वर्षी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी आम्हा चौघींना एकच सांगितलं, की लघवीत साखर जाते, डायबेटिस आहे. भात, साखर, गूळ, बटाटा, साबुदाणा, केळी, रताळी सगळं बंद. दोन वेळची मिळून दोन भाकरी. बाकी पालेभाजी, ताक, थोडी उसळ, आणि खात असाल तर अंडी, मटण.

आम्ही ते दिवाळीपर्यंत पाळलं. दिवाळीत फराळाला बसलो त्या बसलोच. संक्रांत झाल्यावर मी चोरासारखी दवाखान्यात गेले, तर बाहेरच्या बाकावर तिघी आधीच बसलेल्या. मी सांगितलं की खोकला झालाय. माझ्या भिंतीपलीकडच्या केळकरवहिनी म्हणाल्या, पाठ धरलीय. मुमताजबी, त्यांच्या मालकांचं मुंबई रस्त्यावर मोटारी दुरुस्तीचं गॅरेज, त्या म्हणाल्या दाढ ठणकतेय. राहिल्या सोनाबाई. त्या मूळच्या पिंपरी गावातल्या, मुलगा कारखान्याच्या गेटवर. त्यांनी आमच्या तिघींच्या तोंडांकडं पाळीपाळीनं बघितलं.

"मी करंज्या खाल्ल्या," त्या म्हणाल्या.

* * *

डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, एकेकटीनं होत नाही तर चौघींनी मिळून करा. मी मॅट्रिक, म्हणून काचेच्या नळ्या, स्पिरिटचा दिवा, निळ्या औषधाची बाटली आणि सगळ्यांना वाचून दाखवायचा पथ्याचा कागद माझ्या ताब्यात दिला. चमचाभर निळं औषध नळीत घ्यायचं, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि उकळायचं. निळं ते निळंच राहिलं तर साखर नाही. थोडी असली तर हिरवं, मग पिवळं, मग नारिंगी, आणि फार असली तर विटकरी.

रोज सकाळी कारखान्याचा भोंगा झाला की तिघी आपापली बाटली पदराखाली झाकून माझ्या मागच्या ओट्यावर यायच्या. पहिल्याच आठवड्यात केळकरवहिनींनी आपली नळी उजेडात धरली आणि हिरवा म्हणून सांगून टाकलं. सोनाबाईंनी ती त्यांच्या हातातून घेतली.

"ह्यो हिरवा? आमच्या लिंबाचं पान आसं दिसाय लागलं, तर आमी झाड वाळलं म्हणतो."

त्या दिवसापासून नियम झाला. आपली नळी आपण बघायची नाही, दुसरीनं बघायची. हा नियम मला फार सोयीचा पडला. का, ते पुढं येईलच.

* * *

डॉक्टरांनी चालायलाही सांगितलं होतं. नळ्या धुऊन झाल्या की आम्ही चौघी मुंबई रस्त्यानं अर्धा तास भराभर चालायचो. बायकांनी नुसतं चालायला म्हणून बाहेर पडायची तेव्हा रीत नव्हती. पाण्याला निघालं तर हातात हंडा असतो, बाजाराला निघालं तर पिशवी असते. आमचे हात रिकामे, तोंडं गंभीर, आणि पाय घाईत.

एकदा रात्रपाळी सुटलेला एक कामगार आम्हाला बघून सायकलवरून उतरला. टोपी काढून त्यानं हळू आवाजात विचारलं, "मावशी, कोण गेलं?"

सोनाबाई न थांबता म्हणाल्या, "भात गेला बाबा आमचा. तीन हप्ते झालं."

* * *

पण सोनाबाईंची नळी काही निवळेना. भात नाही, गूळ नाही, भाकरी मोजून, तरी सकाळी विटकरी. केळकरवहिनींना संशय आला, मुमताजबींना काळजी वाटली. शेवटी मी त्यांना आदल्या दिवसाचं सगळं खाणं सांगायला लावलं. सकाळी ताक, दुपारी भाकरी आणि मेथी, संध्याकाळी अंडं.

"आन मधी भूक लागली की रताळं. लेकीनं कुरुळीवरनं पोतं धाडलंय."

केळकरवहिनींनी कपाळाला हात लावला. कागदावर रताळी लिहिलीत ना, असं त्या म्हणाल्या. सोनाबाईंना वाचता येत नाही. त्या माझ्याकडं वळल्या.

"ताई, तुमी वाचून दावलं तवा रताळ्याचं नाव न्हवतं."

नव्हतंच. कागद मी हातात धरला होता, पण वाचला नव्हता. आठ महिने माझ्या डोळ्यांपुढं साय धरल्यासारखं झालं होतं. अक्षरं दिसत नव्हती, हिरवा आणि निळा मला सारखाच दिसत होता. मी पाठ होतं तेवढं म्हणून दाखवलं, आणि त्यात रताळी विसरले. हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. घरात भाजी मी हातानं चाचपून निवडत होते.

मी ओट्यावरच रडायला लागले. सोनाबाई मला ओरडतील असं वाटलं होतं. त्या जवळ येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "तुमी वाचलं न्हाई आन मी खाल्लं. चूक निम्मी निम्मी. आता उठा, दवाखान्यात जाऊ."

डॉक्टर म्हणाले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. ऑपरेशन पुण्याला होईल, पण साखर असताना डोळा कापला तर जखम चिघळते आणि डोळा जातो. ओळीनं सात दिवस निळा रंग दाखवा, मग मी चिठ्ठी देतो.

सात दिवस म्हणजे काही फार नाहीत, असं मला तेव्हा वाटलं. चौथ्या दिवशी हिरवा यायचा, की पुन्हा एकपासून. पाचव्या दिवशी यायचा, की पुन्हा एकपासून.

* * *

दुसऱ्यांच्या नळ्या बघून बघून केळकरवहिनी स्वतःच्या नळीला घाबरायला लागल्या. माहेरच्या लग्नाला जाऊन आल्या आणि दुसऱ्या दिवशी बाटली घेऊन आल्या, तेव्हा चेहरा फारच शांत होता. उकळलं, आणि सोनाबाईंनी नळी उजेडात धरली. इतका विटकरी रंग आमच्या ओट्यावर तोवर कोणाचाच आला नव्हता.

केळकरवहिनी पांढऱ्याफटक पडल्या. म्हणाल्या, "पण ही माझी नाहीच! ही सासूबाईंची आहे."

लग्नातली जिलबी लपवायला म्हणून त्यांनी सासूबाईंच्या रात्रीच्या भांड्यातून बाटली भरून आणली होती. सासूबाई सत्तरीच्या, काटक, उभ्या आयुष्यात दवाखान्याची पायरी न चढलेल्या. त्यांना सांगायचं कसं, हा पेच आम्हाला दोन दिवस पडला होता. शेवटी सांगितलं. आजी सुनेकडं बघून म्हणाल्या, "जिलबी तू खाल्लीस, आणि भात माझा गेला."

तिसऱ्या दिवसापासून आजी स्वतःची बाटली घेऊन ओट्यावर यायला लागल्या. पाट मात्र घरून आणायच्या.

* * *

ईद उन्हाळ्यात आली. शीरखुर्मा करायचा पण जिभेला लावायचा नाही, असं मुमताजबींनी आम्हा सगळ्यांसमोर कबूल केलं होतं. मालक आणि मुलं नमाजला गेलेली, चाखून बघायला घरात कोणी नाही. त्यांनी अंदाजानं सगळं घातलं, आणि ते परत यायच्या आत कॉलनीत वाडगे वाटूनही टाकले. आमच्या घरी मात्र खिमा पाठवला.

दिवसभर मालकांसकट कॉलनीतली सगळी माणसं मुमताजबींना सांगत होती, की फार छान झालाय, अगदी नेहमीसारखा. संध्याकाळी आमच्या यांनी शेजारच्यांकडचा एक घोट घेतला आणि माझ्याकडं बघत राहिले. मुमताजबी दूध, शेवया, खजूर, चारोळ्या सगळं घालून साखर तेवढी विसरल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी ओट्यावर त्यांना हे कळलं तेव्हा त्या आधी लाजल्या, मग हसायला लागल्या.

"चला, एक दिवस पूरी कॉलनी आपल्या पथ्यावर होती."

* * *

आता शेवटचा किस्सा.

माझी मुलगी सोलापूरला दिलेली. पूर्वी तिची पत्रं मी चार चार वेळा वाचायची. डोळ्यांचं घरात कळल्यापासून पत्र कोणीतरी वाचून दाखवायचं, कधी हे, कधी केळकरवहिनी. तिला ते कळलं, आणि तिची पत्रं बदलली. ऊन फार आहे, पाणी एक दिवसाआड येतं, सगळे मजेत आहेत. एवढंच. मधलं सगळं नाहीसं झालं.

ईदनंतर तिचं पाकीट आलं. हे म्हणाले, वर लिहिलंय, फक्त आईनं वाचावं. जावयांचं पोस्टकार्ड दोन दिवसांपूर्वीच आलं होतं, प्रकृती सगळ्यांच्या ठीक होत्या, म्हणून तसा घोर नव्हता. हे म्हणाले, मी वाचतो आणि लगेच विसरतो. मी पाकीट घेतलं आणि फळीवर मिठाच्या बरणीमागं ठेवलं. ते मी वाचणार होते, म्हणजे मीच वाचणार होते.

त्या आठवड्यात चार दिवस निळा आला. चौथ्या दिवशी यांना बढती मिळाली, घरात पेढे आले. मी स्वयंपाकघरात उभ्यानं अर्धा पेढा खाल्ला. का खाल्ला ते मला अजून सांगता येत नाही.

पाचव्या दिवशी सकाळी नळी उकळली. केळकरवहिनींनी बघितली आणि म्हणाल्या, "निळा." मुमताजबींनी बघितली आणि म्हणाल्या, "निळाच आहे." सोनाबाई ओटा झाडायला लागल्या.

आजी पाटावरून उठल्या. त्यांनी नळी घेतली, उन्हात धरली. "बाईला दिसत नाही म्हणून फसवता होय गं? हिरवा आहे."

केळकरवहिनी रडव्या आवाजात म्हणाल्या, "तीनच दिवस राहिले होते हो त्यांचे. आणि ते पत्र तसंच पडलंय."

मी अर्ध्या पेढ्याचं सांगून टाकलं. आणि हेही सांगितलं, की तुम्ही निळा म्हणालात तेव्हा मला बरं वाटलं, पण खरं वाटलं नाही. अशी चिठ्ठी घेऊन पुण्याला गेले असते तर डोळा माझाच गेला असता.

सोनाबाईंनी झाडू खाली ठेवला. "मग उद्यापास्नं एक. आन आमीबी एकपास्नंच मोजतो. तुमच्या एकटीचं न्हाई मोजायचं."

"हिची नळी आता मी बघणार," आजी म्हणाल्या. "तुम्ही तिघी लांब बसा."

पुढचा आठवडा आम्ही पाचजणी एकत्रच जेवलो. दुपारी माझ्या स्वयंपाकघरात, मधोमध पालेभाजीचं पातेलं, जिची तिची भाकरी मोजून. हे तेवढे दिवस कँटीनमध्ये जेवायचे, तिथले लोक विचारायला लागले, की घरी काही कार्य आहे का? एक, दोन, तीन. चौथा दिवस पार पडला. पाचवा गेला. सहाव्या दिवशी आजींनी नळी बघून नुसती मान डोलावली, आणि मुमताजबींनी माझा हात इतका दाबला की बांगडी पिचली.

सातव्या दिवशी आजींनी नळी उन्हात धरली आणि बराच वेळ खाली घेतली नाही. मग म्हणाल्या, "परत उकळ." बाटलीत थोडी शिल्लक होती, ती दुसऱ्या नळीत घेऊन मी परत उकळली. दिवा सोनाबाईंनी धरला. आजींनी दोन्ही नळ्या शेजारी शेजारी धरल्या.

"निळा," त्या म्हणाल्या. "दोन्हीत."

केळकरवहिनींनी विचारलं, सासूबाई, आम्ही बघू का?

"तुमच्यावर कोण विश्वास ठेवतंय?"

त्याच दुपारी डॉक्टरांकडे गेले. आजी दोन्ही नळ्या पदराखाली धरून बरोबर आल्या होत्या. डॉक्टरांनी स्वतःही एकदा तपासून बघितलं आणि पुण्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहिली. संध्याकाळी सोनाबाई मला भेटायला आल्या, तेव्हा त्यांची नजर फळीकडं गेली असावी.

"ताई, आता तरी वाचून घ्यायचं का कुणाकडनं? ऑपरेशनला चाललाय."

मी नको म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भोंगा व्हायच्या आत आम्ही पाचजणी पिंपरी स्टेशनवर पुण्याच्या गाडीची वाट बघत होतो. दशम्या नव्हत्या, उकडलेली अंडी होती. आजींनी पाट बरोबर घेतला होता, आणि पाकीट माझ्या पिशवीत होतं, बंद.